बोरहळ्ळीचा शाळू

वेळापूर,
रविवार, १४ मार्च १९७६

प्रिय त्रिंबक,

तुला, वहिनींना आणि मुलांना आमच्या घरातल्या सगळ्यांचा नमस्कार. आम्ही धडधाकट आहोत. चांगुणाचा खोकला गेला. धाकट्याला दात येताहेत आणि त्याची वर्दी तो सगळ्या आळीला देतोय. तुम्हीही आपापल्या जागी ठीक असाल असं धरून पुढे लिहितो.

हे पत्र टपालानं आलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. दस्तगीर खात्याच्या कामाला पुण्याला येतोय, तो घरी येऊन तुझ्या हातात देईल. वाचून झाल्यावर ठेवायचं की चुलीत घालायचं ते तू ठरव. तुझी खुर्ची सरकारी आहे, आणि दिवस कसे आहेत ते मी तुला सांगायला नको.

वर वेळापूर बघून चकित होऊ नकोस. आमच्या संस्थेची इथं शाखा आहे आणि तिथं गणिताला मास्तर नव्हता. आई इथंच आहे, ती खूश आहे. देवळामागून शाळेला पायवाट जाते. सोलापूरच्या मानानं पोरं शांत आहेत, पण गुणाकाराला कच्ची. एकूण बरं चाललंय.

तू ज्या गोष्टीची वाट बघत असशील ती सांगायचीच आहे. पण आधी शेताचं सांगतो, कारण ते सांगायला मला आवडतं. गेले पंधरा दिवस मी ते भेटेल त्याला सांगत सुटलोय.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला संगप्पाची मल्लव्वा आमच्या सोलापूरच्या बुधवार पेठेतल्या खोलीवर आली. कडेवर लहानगी नागम्मा. संगप्पाला जुलैत कोर्टाच्या आवारातून पोलिसांनी नेलं तेव्हा ती पोर तीन महिन्यांची होती, आता भिंत धरून उभी राहते. मल्लव्वा चहाला नको म्हणाली, पाणी तेवढं प्याली आणि म्हणाली की सोलापुरात मजूर मिळतील का बघा. बोरहळ्ळीतलं त्यांचं सहा एकर शाळूचं रान पिकून उभं होतं. कणसं वाळली होती, दाणे गळायला लागले होते, पाखरं उतरत होती, आणि गावातलं एक माणूस रोजानं यायला तयार नव्हतं. पोलीसपाटलानं चावडीत नुसतं एवढंच म्हटलं होतं, की बिराजदारांच्या रानात कोण जातंय त्यावर वरून लक्ष आहे. तेवढं पुरलं. भावकीतले लोकसुद्धा पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात करत राहिले. वकील नवरा हातमागावरच्या कामगारांच्या केसेस चालवायचा, सभेत बोलायचा, म्हणून बायकोनं शाळू रानात कुजवायचा, असा तो हिशेब.

ती आपल्याला या म्हणाली नाही, हे लक्षात घे. मजूर मागितले. मी म्हणालो, शनिवारी घेऊन येतो.

आणले. दस्तगीर, लक्ष्मय्या आणि मी. एक पाटबंधाऱ्याचा ओव्हरसियर, एक बँकेचा कॅशियर आणि एक मास्तर. आम्ही एसटीतून उतरलो तर मल्लव्वा आमच्या मागं बघत होती, मजूर कुठं आहेत म्हणून. दस्तगीरनं पिशवीतून जुनी लुंगी काढून दाखवली तेव्हा तिला कळलं. ती हसली नाही. तोंड फिरवून रानाकडे चालायला लागली.

संगप्पाच्या आई, चंद्रव्वा, मात्र बांधावर उभ्या राहून आम्हाला आपादमस्तक न्याहाळत होत्या. म्हणाल्या, पोरं वाळली की रे सगळी, बायका जेवायला घालत न्हाईत व्हय.

त्रिंबक, छात्रालयातल्या मेसनं आपल्या पाचांची पोटं कधी भरली नाहीत. गुरुवारी अक्कलकोटच्या गाडीनं संगप्पाचा डबा यायचा म्हणून आपण पदवीला पोचलो, असं लक्ष्मय्या अजून म्हणतो. पहिल्या वर्षी तो डबा एकाचा होता. मग या बाईला कळलं की पाच जण खातात, आणि डब्याचं गाठोडं झालं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, सणाला पोळ्या. आपण पास झालो की नापास हे तिनं कधी विचारलं नाही, कुणाला काय आवडतं एवढंच विचारलं.

तरी पहिल्यांदा आपण तिच्या घरी गेलो तेव्हा माझं आणि दस्तगीरचं ताट बाहेर सोप्यात वाढलं होतं, हेही मी विसरलेलो नाही. आणि तुम्ही तिघं आपापली ताटं उचलून बाहेर येऊन आमच्याजवळ बसलात तेही नाही. पुढच्या खेपेला तिनं आत चुलीपुढं पाच पाट मांडले. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. एका सुट्टीभर तिनं विचार केला असणार.

शाळू आपल्याकडं कापत नाहीत, मुळासकट उपटतात, ते तुला माहीत आहे. पण माहीत असणं आणि उपटणं यात फार अंतर आहे. दोन्ही हातांनी ज्वारीचं ताट धरायचं, कंबर मोडायची आणि ओढायचं. काळी माती वाळून दगड झालेली. लक्ष्मय्यानं हाताला रुमाल बांधले होते, दुपारपर्यंत ते लाल झाले. मल्लव्वा त्याला बस म्हणाली तर म्हणाला, बँकेत वर्षभर बसतोच की. दस्तगीर मुकादमाच्या थाटात ओळी पाडून देत होता आणि स्वतः सगळ्यात कठीण ओळ धरत होता.

माझं वेगळं होतं. माझ्या बापाची हयात दुसऱ्याच्या रानात शाळू उपटण्यात गेली. बारा वर्षांचा होईपर्यंत मीही उपटलाय. बी. एस्सी.चा निकाल लागला त्या दिवशी मी मनाशी म्हटलं होतं की आता जन्मात या कामाला हात लावणार नाही. आणि बोरहळ्ळीत पहिलं ताट धरलं, तर हातांना सगळं आठवलं. बापाला ते काम करावं लागायचं. मी ते आपणहून, माझ्या माणसाच्या रानात करत होतो. यात केवढा फरक आहे ते कंबर मोडून आलेली असतानाही मला कळत होतं. मी ताठ मानेनं वाकलो होतो म्हण.

दुसऱ्या दिवशी पोलीसपाटील बांधावर येऊन उभा राहिला. आम्ही नमस्कार केला. त्यानंही केला, थोडा वेळ पाहिलं आणि गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी रानात पोचलो तर कोंडीबा नावाचा एक म्हातारा आमच्या आधी येऊन पेंढ्या बांधत बसलेला. गावातलाच. दुपारी भाकरी खाताना दस्तगीरनं विचारलं, बाबा, तुम्हाला भीती वाटली नाही का. तो म्हणाला, वाटली की, म्हणून तर दोन दिस उशीर झाला.

त्यानंतर आणखी चार जण आले, पाचव्या दिवशी भावकीही आली. कुणी कुणाला मागचं काही विचारलं नाही. शनिवारपर्यंत रान मोकळं झालं, कडब्याच्या पेंढ्या रचून झाल्या आणि कणसं मोडून घराच्या माळवदावर पसरली. वर चढून पाहिलं तर सगळं माळवद मोत्यासारखं दिसत होतं. त्रिंबक, मी आजवर बरीच गणितं सोडवली, पण असं उत्तर कधी आलं नव्हतं.

आता तुझी गोष्ट.

संक्रांतीला तू सोलापूरला आलास, माझ्याकडे उतरलास आणि म्हणालास, "हरिदास, तो कुणाचं ऐकणार नाही, तुझं ऐकेल. दोन ओळी आहेत. राजकारणात पडणार नाही म्हणायचं, सही करायची. पुढचं मी बघतो, आठ दिवसांत घरी येईल." हे बोलताना तुझे डोळे भरले होते. म्हणून मी कधीही असं समजलो नाही, समजणारही नाही, की तू सरकारच्या वतीनं बोलत होतास. तू डब्यातल्या पाचव्या माणसासाठी बोलत होतास. मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो.

शेतात एका दुपारी बाभळीखाली बसलो असताना मी हे मल्लव्वाला सांगितलं. तिनं नागम्माला थोपटत सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की त्यांनी सही करू नये असं माझ्या तोंडून निघणार नाही, मला ते घरी पाहिजेत. पण करा असंही निघणार नाही, कारण मग घरी येतील ते तेच असतील का हे मला ठाऊक नाही. तुम्ही त्यांचे मित्र आहात, तुम्हाला काय वाटतं ते तुम्ही सांगा. एवढं बोलून ती उठली आणि ओळीला लागली. माझ्या गळ्यात धोंड तशीच राहिली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात भेटीची तारीख मिळाली. चंद्रव्वा आणि मल्लव्वा पुण्याला कधी गेलेल्या नव्हत्या, म्हणून सोबतीला मी. होय, त्रिंबक, मी पुण्यात येऊन गेलो आणि तुझ्या घरी आलो नाही. त्याचं कारण पुढे येईल.

भेट फक्त नातेवाइकांची असते. मी येरवड्याच्या फाटकाशी थांबणार होतो. संगप्पाला निरोप कसा द्यायचा याचा विचारही करून ठेवला होता, मल्लव्वाबरोबर सांगायचा. पण खिडकीशी कारकुनानं विचारलं, आत कोण कोण जाणार, तर चंद्रव्वांनी माझा दंड धरून पुढं केलं आणि म्हणाल्या, आम्ही तिघं.

कारकुनानं माझं नाव विचारलं. मी सांगितलं, हरिदास सरवदे. त्यानं वर पाहिलं. म्हणाला, "कैदी बिराजदार, तुम्ही सरवदे. नातं काय?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. त्याआधी म्हातारी बोलली.

"माझा ल्योक हाय."

"आजी, आडनाव वेगळं आहे. जात वेगळी दिसते."

"ह्याच्या आईनं ह्याला जल्म दिला," चंद्रव्वा म्हणाल्या. "मी चार वरसं भाकरी दिली. मागल्या म्हयन्यात ह्यानं माझं रान काढलं. आता कुणाचा म्हणून लिवायचा त्ये तुमी ठरवा की."

आवाज चढवला नव्हता. तिच्या मागं रांगेत दहा-पंधरा माणसं उभी होती. कारकून प्रौढ माणूस होता. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि फाटकावरच्या शिपायाला म्हणाला, "भाऊ आहे. सोड."

मी फाटकातून आत गेलो तेव्हा मला समोरचं नीट दिसत नव्हतं. ज्या बाईनं एकदा माझं ताट सोप्यात ठेवलं होतं, तिनं सरकारच्या दारात चार लोकांदेखत मला पोटचा म्हटलं. मला आयुष्यात पदवी एकच मिळाली असं मी समजत होतो.

आत एका खोलीत बाकं होती. एक साहेब खुर्चीवर बसलेले. त्यांना कानडी कळत नव्हतं म्हणून त्यांनी मराठीत बोलायला सांगितलं. संगप्पा आला. वाळलाय. दाढी वाढलीय, त्यात पांढरे आलेत. आईच्या पायाला लागला, नागम्माला घ्यायला हात पुढं केले, तर ती पोर मल्लव्वाच्या खांद्यात तोंड खुपसून रडायला लागली. त्याचे हात तसेच थोडा वेळ हवेत राहिले.

मग तो खाली बघत म्हणाला, "अव्वा, मी साहेबांना सांगितलंय. उद्या सही करतो. गावाकडनं कळलं मला, रानात कुणी येत न्हाय म्हणून. शाळू असा उभा राहिला तर तुमी वरसभर खाणार काय? मला झोप लागत न्हाय."

त्याला काढणीचं काहीच माहीत नव्हतं. काढणीनंतरची आमची पत्रं पोचली नव्हती.

त्रिंबक, तुझ्यापाशी खोटं बोलणार नाही. त्या क्षणी माझ्या जिभेवर तुझंच वाक्य होतं. 'कर' एवढं म्हणायचं, की तो आठ दिवसांत घरी. त्याची पोर त्याच्या कडेवर. मी तोंड उघडलंही. पण त्याला हेही सांगायला हवं होतं की शाळू घरात आलाय, आणि दोन्ही एका दमात कसं सांगायचं ते मला कळेना.

मल्लव्वा बोलली.

"ज्वारी घरात आलीया. आता सही कशापायी?"

त्यानं मान वर केली. "कुणी काढली?"

"ह्यांनी." तिनं माझ्याकडं बोट केलं. "दस्तगीरभावजींनी. लक्ष्मय्याभावजींनी, रगत येस्तवर. मागनं गाव आलं. एक ताट रानात ठेवलं न्हाय. तुमी घरासाठी सही करणार असाल तर घर हाय तितंच हाय. आमचं आमी बघतो. तुमाला तुमच्यासाठी करायची असंल तर करा, मी काय म्हणणार न्हाय."

मग त्यानं माझा हात ओढून पालथा केला, तळव्यावरचे वाळलेले फोड पाहिले आणि तोंडावर हात घेतला. खांदे हलत होते. मला वाटलं रडतोय. पाहतो तर हसत होता आणि रडतही होता. साहेबांकडे वळून म्हणाला, "साहेब, उद्याचं राहू द्या."

वेळ संपल्यावरही साहेबांनी थोडा वेळ बाहेर बघण्यात घालवला, एवढं मी पाहिलं.

निघताना संगप्पानं तुझं विचारलं. तू बरा आहेस ना, त्याच्यामुळं तुला कचेरीत काही त्रास होत नाही ना. मी म्हणालो, नाही. म्हणाला, त्याला जपून राहायला सांग, त्याच्या घरात तो एकटाच मिळवता आहे. तिथं असलेल्या माणसाला तुझी काळजी होती.

आता मी तुझ्या घरी का आलो नाही ते. तुला दिलेला शब्द मी पाळला नव्हता आणि ते तुझ्या तोंडावर सांगावं लागलं असतं. छात्रालयातला एकही वाद मी तुझ्याशी जिंकलेला नाही. तू बोलला असतास तर मी चुकलो असं मला पटलं असतं, आणि मला ते पटवून घ्यायचं नव्हतं. मी चुकलो नाही, त्रिंबक. आम्ही कुणीच चुकलो नाही. अभिमान वाटतो म्हणायला मास्तर माणसाला संकोच होतो, पण वाटतो. तुझ्या रागाची तयारी ठेवून लिहितोय.

वेळापूरला येण्याचं खरं कारणही तो शाळूच. बोरहळ्ळीहून परतल्यावर मुख्याध्यापकांनी बोलावलं, रजा कशासाठी घेतली होती विचारलं. मी सांगितलं, शेतीच्या कामासाठी. कुणाच्या शेतीच्या, म्हणाले. तेही सांगितलं. पुण्याहून आलो तर टेबलावर बदलीचा हुकूम होता. चांगुणानं तो वाचला आणि भांडी बांधायला घेतली. ती म्हणाली, काढून तर टाकलं नाही. लक्ष्मय्याला बँकेत कुणी काही बोललं नाही. दस्तगीरला बोललेत, तो सांगत नाही. तू विचारलंस तर तुलाही सांगणार नाही.

पाडव्यानंतरच्या रविवारी मळणी आहे. चंद्रव्वांनी निरोप दिलाय तो जसाच्या तसा लिहितो: त्रिंबकला म्हणावं, येता आलं तर ये, न्हाय आलं तर मनाला लावून घिऊ नगं, तुझ्या वाटणीची ज्वारी पाठवून दिन. माझं मागणं एवढंच, की माझा राग आला म्हणून यायचं टाळू नकोस. भीती वाटली म्हणून नाही आलास तर मला कळेल. मला रोज वाटते.

शब्द न पाळलेला, तरी तुझाच,
हरिदास


वेळापूर,
रविवार, ३ एप्रिल १९७७

प्रिय त्रिंबक,

चंद्रपूरचं ऊन आपल्या सोलापूरला लाजवतं असं तू लिहिलंस, ते इथं कुणालाच पटलेलं नाही. दस्तगीर म्हणतो, माणूस परमुलखात गेला की असं बोलतो. वहिनींची तब्येत आता ठीक आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. तुला तिकडे धाडल्याला दहा महिने होत आले. आता वारं फिरलंय, परत आणतील असं सगळे म्हणतात. आणोत न आणोत, तू मळणीला पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून बैलांमागं फिरलास ते बोरहळ्ळीनं पाहिलंय, आणि ते आता कुणाला पुसता येणार नाही.

संगप्पा घरी आला. तारेनं तुला कळलंच असेल, पण तार म्हणजे काही सांगणं नव्हे.

आम्ही तिघं सोलापूर स्टेशनवर गेलो होतो. गाडीतून उतरला, हातात एक वळकटी. आम्ही चौघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. शेवटी लक्ष्मय्या म्हणाला, चहा घेऊ या. घेतला.

बोरहळ्ळीच्या फाट्यावर ट्रक उभा होता. हलगी, हार, गुलाल. पुढं तोच पोलीसपाटील, हातात सगळ्यात मोठा हार घेऊन. मला थोडं हसू आलं, थोडं कडू वाटलं. संगप्पानं वाकून हार घेतला. ट्रकवर चढला नाही, आधी घरी गेला. नागम्मा आता पळते. ती बापाकडं न जाता दस्तगीरच्या मांडीवर जाऊन बसली, कारण दस्तगीर तिच्या ओळखीचा आहे. संगप्पा म्हणाला, बरोबर आहे तिचं, मी आधी ओळख करून घेतो. चंद्रव्वा आत चुलीपाशी होत्या. तो त्यांच्याजवळ जाऊन बसला तेव्हा आम्ही सगळे बाहेर आलो.

संध्याकाळी चावडीपुढं गाव जमला. तुरुंगातलं काही सांगा, असा लोकांचा आग्रह होता. दोन-तीन पुढारी आधी बोलले, संगप्पाला वीर म्हणाले, सिंह म्हणाले. मग तो उठला. तुझ्यासाठी मी ते लक्षात ठेवलंय.

तो म्हणाला, "मला वीर म्हणू नका. गेल्या साली मार्चात मी सही करायला निघालो होतो. साहेबांना उद्याची वेळ सांगून ठेवली होती. घरची ज्वारी रानात उभी हाय एवढंच मला कळलं होतं, आणि त्यात मी मोडलो. मग मला कळलं की ज्वारी घरात आली. म्हणून मी राहिलो. तवा हे हार माझे न्हाईत. ज्यांचे हाईत त्यांची नावं मी घेतो."

पोलीसपाटील खाली बघत होता.

त्यानं मल्लव्वाचं नाव पहिलं घेतलं. भर चावडीत बायकोचं नाव, त्रिंबक. ती बायकांत उभी होती, तिनं पदर पुढं ओढला, पण मान खाली घातली नाही. मग कोंडीबा. म्हातारा गर्दीच्या मागं सरकायला लागला तर लोकांनी त्याला पुढं ढकललं. मग दस्तगीर मुजावर, लक्ष्मय्या येमूल. मग माझं, आडनावासकट. माझा बाप असल्याच एका गावाच्या चावडीपुढं जोडे काढून उभा राहायचा. मी जोडे घालून बसलो होतो आणि माझं नाव घेतलं जात होतं. मी एवढंच लिहितो, बाकीचं तुला समजेल.

आणि शेवटी तुझं. तो म्हणाला, "आनि एक जण हितं न्हाय. त्रिंबक. आमच्यात सरकारची मोठी नोकरी त्याचीच. मी सुटावं म्हणून त्यानं जिवाचं रान केलं, आनि मी सुटत न्हाय म्हटल्यावर माझ्या खळ्यावर येऊन राबला. त्यापायी त्याला चंद्रपूरला धाडलाय. तो काय राजकारणातला माणूस न्हाय, मला त्याची मतं अजून पटत न्हाईत. पण तो माझा भाऊ हाय, आनि हे गावानं ध्यानात ठेवावं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाजवायची वेळ नव्हती ती, पण वाजवल्या.

परतताना चंद्रव्वांनी मला थांबवून विचारलं, त्रिंबकला हे कळंल का. मी म्हणालो, लांब आहे चंद्रपूर, पण लिहीन. त्या म्हणाल्या, "नुसतं बरं चाललंय म्हणून लिवू नगंस. त्याचं नाव कसं घेतलं त्ये लिव."

म्हणून लिहिलं.

तुझं नाव चावडीत दोन्ही कानांनी ऐकून आलेला,
तुझा,
हरिदास